चिठ्ठीत निघालेली बाजू

१६ नोव्हेंबर १९५७, शनिवार

निघाली! नको नको म्हणत होते तीच चिठ्ठी हाताला लागली.

आठल्ये सरांच्या वक्तृत्ववर्गात आज वादविवादाच्या बाजू ठरल्या. सरांनी डोक्यावरची काळी टोपी काढून उलटी धरली, तिच्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. विषय फळ्यावर आधीच लिहिलेला — ‘मुलगी वयात आली की तिचे शिक्षण थांबवावे.’ वर्गात दहा मुलगे आणि मुली दोनच, मी आणि नजमुन्निसा. म्हणून बोलायचं आम्ही दोघींनी. एक अनुकूल, एक प्रतिकूल. मी चिठ्ठी उघडली तर — अनुकूल!

म्हणजे मी, इंद्रायणी कोंडाजी बागडे, इयत्ता अकरावी, मॅट्रिकचं वर्ष, कुरुळी सोडून इथं दापोडीला आत्याकडं येऊन राहिले ती शिकण्यासाठी — आणि मीच भर मांडवात उभं राहून सांगायचं की बायांनो, बाप्यांनो, आम्हाला शिकवू नका! मुलगे फिदीफिदी हसत होते. नजमुन्निसाला प्रतिकूल. तिचं काम सोपं झालं.

सरांना म्हटलं, मला बदलून द्या. म्हणाले, ‘‘वक्त्याला स्वतःची बाजू नसते. मिळालेली बाजू जो खरी करून दाखवतो, तो वक्ता.’’

मग वक्ता आणि खोटारडा यांत फरक काय? हे तिथंच विचारायला हवं होतं. सुचलं रेल्वे फाटकापाशी, घरी येताना. माझी सगळी उत्तरं मेली फाटकापाशीच सुचतात!

१७ नोव्हेंबर

आत्याला विषय सांगितला. भाकरी थापताना हात न थांबवता म्हणाली, ‘‘मग बरोबरच हाय की. त्यात भांडायसारकं काय ठिवलंय?’’

जेवले नाही. म्हणजे उशिरा जेवले.

२० नोव्हेंबर

फाटकापलीकडच्या मैदानात संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. मामांबरोबर गेले. (आत्याचे मालक अर्जुनराव, एसटीच्या वर्कशॉपात आहेत. मी त्यांना मामा म्हणते.) एक वक्ता काय बोलला! आवाज बसलेला, घाम गळतोय, तरी माणसं जागची हलली नाहीत. घरी येताना मामा म्हणाले, ‘‘पोटातून बोलत होता गडी.’’

पोटातूनच बोलणार. जे वाटतं ते बोलायला मिळालं त्याला. त्याच्यापुढं कुणी टोपी धरली नव्हती!

२३ नोव्हेंबर, शनिवार

आजचा वर्ग म्हणजे फजिती.

आमची शाळा रुळाला लागून आहे. सरांचा नियम असा, की मालगाडी आली तरी वक्त्याने थांबायचं नाही. आवाज वाढवायचा नाही, नुसता खाली घ्यायचा, पोटाशी, आणि चालू ठेवायचं. गाडी गेल्यावर माणसांना वाटलं पाहिजे की आपण एक शब्दही चुकवला नाही. मुलगे थांबतात. नजमुन्निसाही थांबते. मी एकटी थांबत नाही, हे सरांनी दिवाळीआधीच सगळ्यांदेखत सांगितलंय. पण आज मी गाडीबिडी काही नसताना थांबले. दोन वाक्यं बोलले आणि तोंडाला कुलूप.

सर म्हणाले, ‘‘तू चिठ्ठीवर रुसली आहेस. श्रोत्यांना तुझा रुसवा दिसतो. मुद्दा दिसत नाही.’’

मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘तिला नाही जमायचं, सर. तिचा जीव नजमुन्निसाच्या बाजूला.’’

हो, आहेच! पण जमायचं नाही? मला?

२६ नोव्हेंबर

मुद्दे शोधायची गरजच नाही. हे लक्षात आलं तेव्हा आधी हसू आलं, मग इतका संताप आला की दौत सांडली.

या बाजूचे सगळे मुद्दे मला तोंडपाठ आहेत. लहानपणापासून ऐकतेच आहे. ‘परक्याचं धन.’ ‘शिकल्याली सून सासूला उलट बोलती.’ ‘जास्ती शिकली तर तिच्याहून शिकल्याला नवरा आनायचा कुठनं?’ ‘चूल काय इंग्रजी इचारतीय व्हय?’ सातवीनंतर मला इथं पाठवायचं ठरलं तेव्हा कुरुळीच्या पारावर यातलं एकेक वाक्य बोललं गेलंय. पार आमच्या घरासमोरच, मी दाराआड लपून ऐकत होते. तेव्हा आबा म्हणाले होते, ‘‘हुशार हाय. शिकू दे मॅट्रिकपातुर. मग बगू.’’

आबा म्हणजे माझे वडील. चाकणच्या बैलबाजारात दलाली करतात. गावात पंच आहेत. ते ‘मग बगू’ म्हणाले की माणसं घरी जातात.

मला ‘मग बगू’ नको आहे. मला पुण्याच्या कॉलेजात जायचंय. वकील व्हायचंय. हे आजवर फक्त नजमुन्निसाला आणि या पानाला ठाऊक आहे.

३० नोव्हेंबर, शनिवार

जमलं.

भाषण असं केलं की पारावरच्या एकेका माणसाचा आवाज काढला. मुलगे हसून हसून बाकांवर पडले. मधेच मालगाडी आली. वाघिणींमागून वाघिणी, डब्यांची रांग संपेना. थांबले नाही. शेवट असा केला — ‘‘सभ्य श्रोतेहो, मुलीला शिकवलं की काय होतं याचा पुरावा तुमच्यापुढं उभा आहे. वडीलधाऱ्यांच्या सभेत ती उभी राहते आणि त्यांनाच शहाणपण सांगते! असले पुरावे वाढू द्यायचे नसतील, तर थांबवा.’’

सर खुर्चीतून उठले. म्हणाले, ‘‘हे आता कुणाच्या बापाला खोडता यायचं नाही.’’

आनंद झाला. खरं तेच लिहायचं तर — फार आनंद झाला. आणि त्या आनंदाचाच राग आला.

८ डिसेंबर, रविवार

येत्या शनिवारच्या वादविवादाची पालकांना शाळेची आमंत्रणं गेली. कुरुळीलाही गेलं असणार. आबा येतील? शनिवार चाकणचा बाजाराचा दिवस, तो सोडून ते कशाला येतात! आले तर सुरू व्हायच्या आधी गाठून सांगायला हवं की हे माझं म्हणणं नाही, वादविवाद आहे. त्यांनी वादविवाद कुठं पाहिलाय?

१४ डिसेंबर, शनिवार

पहिला नंबर! चांदीचा पेला!

क्रमाने लिहिते. शाळेच्या पटांगणात मांडव. गॅसबत्त्या कशाला आणल्या होत्या कोण जाणे, दुपार तर होती. पुढं पाहुणे, मागं गावकरी, बायका बाजूला सतरंजीवर. आधी नजमुन्निसा बोलली. काय मुद्दे होते तिचे! तिचे अब्बा वजीरभाई मुंबई रस्त्यावर सायकली आणि मोटारी दुरुस्त करतात. ती म्हणाली, ‘‘माझे वडील म्हणतात, गाडी एका चाकावर चालली असती तर मी दुसरं कशाला बसवलं असतं?’’ टाळ्या पडायला लागल्या आणि आली मालगाडी. नजमुन्निसा थांबली. हात पुढं धरून नुसती उभी. गाडी लांबलचक. गेली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आणि पुढचं वाक्य विसरलेलं.

माझं नाव पुकारलं. उभी राहिले आणि तेवढ्यात मांडवाच्या दाराशी आबा! शेजारी आणखी तीन पागोटी. बाजार सोडून आले! त्यांना गाठून काही सांगायला वेळच राहिला नाही. दुसऱ्या रांगेत जागा करून दिली त्यांना. म्हटलं, आता काय व्हायचं ते होवो.

बोलले. एक शब्द चुकला नाही. पारावरचे आवाज काढले तेव्हा मांडव नुसता हलत होता. आबांच्या शेजारचा एक म्हातारा मांडीवर थाप मारून हसत होता. ‘थांबवा’ म्हणाले आणि टाळ्या थांबेचनात. आबा हसत नव्हते. पण मान डोलवत होते, हळूहळू, बैल पसंत पडल्यावर डोलवतात तशी.

नंतर पाठीवर हात ठेवला. ‘‘झ्याक बोललीस.’’ एवढंच म्हणाले आणि पाहुण्यांना घेऊन गेले. त्यांना बस गाठायची होती. मांडीवर थाप मारणारे म्हातारे चिखलीचे चिमाजी, असं आत्या म्हणाली. बाजारातले सोबती असतील.

आबांनी मला आजवर ‘झ्याक’ म्हटलं नव्हतं. पेला उशाशी ठेवलाय.

१६ डिसेंबर

नजमुन्निसा बोलत नाही. डबा खायला दुसरीकडं बसली. मी जाऊन म्हटलं, अगं, चिठ्ठी होती ती!

‘‘माहीत आहे,’’ म्हणाली. ‘‘पण तू ते आवाज काढलेस ना, ते आमच्या गल्लीतले पण आवाज आहेत. माझी फुफी, अब्बांची बहीण, रात्री जेवताना तुझंच वाक्य बोलली त्यांना. चूल काय इंग्रजी विचारते का. हसत हसत बोलली.’’

‘‘मग वजीरभाई काय म्हणाले?’’

‘‘हसले नाहीत. पण इंदू, तू जिंकण्यासाठी किती जोरात बोललीस गं.’’

तिच्यावर रागावून आले. तिनं गाडीपुढं थांबायला नको होतं! — हे लिहिलं आणि वाटलं, मी किती दुष्ट आहे.

२२ डिसेंबर, रविवार

 शाई फुटते आहे, फुटू दे.

आबा आले. आत्याला, मामांना समोर बसवलं. मला म्हणाले, ‘‘चिखलीचं चिमाजी पाटील. त्यांचा ज्योतीराम. पिंपरीच्या नव्या कारखान्यात कायम हाय. घरी बागायत. त्यांनी तुला बघितली, तुझं बोलनं ऐकलं. फाल्गुनात सुपारी फोडू.’’

मी म्हटलं, फाल्गुनात माझी मॅट्रिक आहे.

‘‘आता मॅट्रिक कशाला? तूच तर म्हनलीस.’’

मला आधी कळलंच नाही! कळलं तेव्हा हसले. खरंच हसले. म्हटलं, आबा, ते भाषण होतं. सरांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. नजमुन्निसाला उलटी बाजू आली. मला ती आली असती तर मी ती बोलले असते!

आबांनी मान हलवली. ‘‘चार मान्सांत बोललीस, पोरी. चार मान्सांत बोलल्याला शबूद म्हंजी शबूद. मी त्यो ऐकून पाव्हण्यांस्नी व्हय म्हनलं.’’

पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. ओरडून सांगितलं. आत्या म्हणाली, बापापुढं आवाज चढवती! आबांनी गूळपाणी घेतलं आणि उठले.

काय करू या माणसाचं? ज्याला एवढंही कळत नाही की मांडवात बोललेलं सगळं मनातलं नसतं! आणि हे गावचे पंच! यांनी न्यायनिवाडे करायचे!

२३ डिसेंबर

तो पेला ट्रंकेच्या तळाशी टाकला. वर जुनी लुगडी.

२९ डिसेंबर, रविवार

कुरुळीला गेले. एकटी, नाशिक रस्त्याच्या एसटीने. आत्या नको म्हणत होती.

आई कांद्याच्या चाळीत होती. म्हटलं, आई, तू तरी सांग त्यांना. तिनं सडका कांदा बाजूला टाकला, दुसरा उचलला. ‘‘मला इचारू नगंस. माज्या येळंला मला कुनी इचारलं न्हाई, तवापासून मी सवयच ठिवली न्हाई.’’ एवढं बोलून पुन्हा कांदे. मी तिथंच बसले तिच्याबरोबर. निवडत राहिलो दोघी. कांद्याने डोळे भरतात हे एक बरं असतं.

आबा आले तेव्हा शांतपणे बोलले. सरांनी शिकवलंय तसं, आवाज खाली घेऊन. म्हटलं, माझा शब्द चुकीचा होता. मी परत घेते.

‘‘कुनापुढं परत घेतीस? माज्यापुढं? माज्या एकट्यापुढं बोलली व्हतीस का?’’

‘‘मग कुणापुढं घेऊ?’’

‘‘ज्यांच्यापुढं बोललीस त्यांच्यापुढं. त्याच मांडवात, त्याच मान्सांत. हाय हिंमत?’’ आणि थोडं हसले. ‘‘मग बगू.’’

मला वाटतं ते मला शक्य नाही असं समजून बोलले. बरं! शब्दाला एवढे पक्के आहात ना? मीही तुमचीच मुलगी.

११ जानेवारी १९५८, शनिवार

सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर बक्षीस समारंभ. तीच माणसं, तेच पटांगण. सरांना म्हटलं, मला तिथं दोन मिनिटं बोलायचंय. मी वादविवादात जे बोलले ते माझं मत नव्हतं, हे सांगायचंय.

सर गोरेमोरे झाले. ‘‘का?’’

कारण सांगता येईना. काय सांगू? की माझे वडील अडाणी आहेत, त्यांना वादविवाद म्हणजे काय कळत नाही? सरांपुढं?  म्हटलं, मला तसं वाटतं.

‘‘मुळीच नाही. जिंकलेल्या वक्त्याने आपली बाजू नाकारायची? उद्या परीक्षक विचारतील, मग आम्ही बक्षीस दिलं ते कुणाला? शाळेचं हसं होईल. आणि, इंद्रायणी, असं सौदेबाजीसारखं बाजू बदलणं वक्त्याला शोभत नाही.’’

मला शोभत नाही! ज्यांनी मला टोपीतून बाजू काढायला लावली ते मला हे सांगतात!

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला. आज कुणाशीच बोलले नाही.

१९ जानेवारी

मामांकडून आबांना निरोप पाठवला — सव्वीसला या. मामा म्हणाले, ‘‘तू काय करणार आहेस ते मला सांगू नको. सांगितलंस तर मला अडवावं लागेल.’’ चांगला माणूस. पण चांगल्या माणसांचा तरी काय उपयोग होतोय!

२६ जानेवारी, रविवार

केलं.

नाव पुकारलं तेव्हा पेला घेऊनच वर गेले. तो आधीच दिला होता, आज नुसतं प्रमाणपत्र होतं. अध्यक्षांपुढच्या टेबलावर पेला ठेवला आणि वळले. सर खालून हातवारे करत होते, खाली ये, खाली ये. मी बोलायला सुरुवात केली.

म्हटलं, ‘‘गेल्या महिन्यात याच जागी मी म्हणाले की मुलींचं शिक्षण थांबवावं. ते माझं म्हणणं नव्हतं. मी ते शब्द तुम्हा सगळ्यांपुढं परत घेते. मला शिकायचं आहे. मॅट्रिकनंतरही शिकायचं आहे. ज्या मुलीचं म्हणणं खरं होतं ती त्या दिवशी हरली, तिला हा पेला द्यावा.’’

आबांचं नाव घेतलं नाही. त्यांच्याकडं बोटही केलं नाही. चार माणसांत बापाला खाली कसं बघायला लावू?

टाळी नाही. एकसुद्धा नाही. कुणीतरी खाकरलं. मागून एकजण म्हणाला, ‘‘मग तवा आमाला येडं बनवलं व्हय गं?’’ आणि तेव्हा मात्र हसले सगळे. पायऱ्या उतरले. नजमुन्निसा बायकांच्या सतरंजीवरून उठून आली आणि तिनं सगळ्यांदेखत माझा हात धरला. सर तोंड फिरवून निघून गेले.

आबा मागच्या रांगेत होते. एकटेच आले होते आज. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, घेतला परत. त्याच माणसांत.

त्यांनी पागोटं सारखं केलं. मग म्हणाले, ‘‘घरी बोलू.’’

२७ जानेवारी

घरी बोलले! ऐका —

‘‘चिखलीच्या पाव्हण्यांनी तुजा पैला शबूद ऐकला. दुसरा न्हाई ऐकला. आता मी त्यांच्या दारात जाऊन काय सांगू? माजी पोरगी चार मान्सांत खोटं बोलती म्हनून?’’

पण तुम्हीच म्हणाला होता, त्याच मांडवात, त्याच माणसांत!

‘‘मी म्हनलं व्हतं, मग बगू. आता बगितलं.’’

उभ्याउभ्या पायताण घातलं आणि गेले. भिंतीवर डोकं आपटून घ्यावं असं वाटलं. भिंतीला तरी दया आली असती.

१ फेब्रुवारी, शनिवार

वक्तृत्ववर्गाला गेले. सरांनी हजेरीत माझं नाव घेतलं नाही. पुढचं नाव घेतलं. मी उठून बाहेर आले. कुणी थांबवलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज पहिल्यांदा राग आला नाही. म्हणून लिहून ठेवते.

आत्या दुपारी शेजारी येऊन बसली. तिचा आवाज आज निराळा होता. म्हणाली, ‘‘तुजा बाप काय करून पोट भरतो, कधी इचार केलास? बैल त्याचा नसतो, पैका त्याचा नसतो. त्याच्यापाशी फकस्त त्याचा शबूद असतो. त्यो म्हनतो, ह्यो बैल मारका न्हाई, आन् घेनारा इसवास ठिवून न्हेतो. आता चिखलीत बोभाटा झाला की कोंडाजीचा शबूद पोरीनं मोडला, मंग त्याच्याकडून बैल कोन घेईल? पंच म्हनून त्याच्या वट्ट्यावर कोन येईल?’’

मी म्हटलं, चूक त्यांची आहे. त्यांना कळलं नाही.

‘‘व्हय, न्हाई कळलं. शाळा शिकला न्हाई त्यो. पर तुला कळत व्हतं न्हवं? मंग कशाला बोललीस येवढं झ्याक?’’

याचं उत्तर फाटकापाशीसुद्धा सुचलं नाही.

खरंच, कशाला बोलले? तोंडातल्या तोंडात बोलून हरले असते तर? चिठ्ठी माझी नव्हती, पण ते आवाज माझे होते, तो शेवट माझा होता. टाळ्या मला हव्या होत्या. आबांनी बिचाऱ्यांनी मुलीवर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा गुन्हा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझा शब्द मोठ्या माणसाच्या शब्दासारखा धरला, आणि तो खोटा निघाला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आबांना सांगितलं — तुम्ही म्हणाल तसं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. डोळे ओले झाले होते त्यांचे. ‘‘शानी हाय माजी बाय.’’ म्हणाले, सुपारी दहा मार्चला, रंगपंचमीच्या दिवशी. सोमवार आहे. म्हटलं, त्या दिवशी मॅट्रिकचा पहिला पेपर आहे. नुसतं सांगितलं. मागितलं काही नाही. ते म्हणाले, ‘‘असू दे.’’

२३ फेब्रुवारी

शाळेत जाणं बंद केलंय. पुस्तकं नजमुन्निसाला द्यायला गेले. वजीरभाई एका ट्रकखाली झोपून काम करत होते. त्यांनी बाहेर येऊन, हात पुसून, सलाम केला मला. मला!

नजमुन्निसा पुस्तकं घेईना. म्हणाली, ‘‘मी घेतली तर तू खरंच संपलीस.’’ तिथंच ठेवून आले. पळत आले. मागून हाका मारत होती. रस्त्यावर एवढी वाहतूक असून तिचा आवाज शेवटपर्यंत ऐकू येत होता. या वेळी थांबली नाही ती.

२ मार्च

ज्योतीरामचा फोटो पाठवलाय. कारखान्याच्या फाटकापाशी, सायकल धरून. चेहरा वाईट नाही. त्याच्यावरही राग काढावा म्हटलं, तर त्याने बिचाऱ्याने काय केलंय? आत्या लुगडी काढून ठेवते आहे. भूमितीची प्रमेयं आपोआप आठवतात, भाकरी भाजताना. आठवली की भाकरी करपते.

५ मार्च

होळी. कसाबसा नैवेद्य दाखवला. बाकी काही नाही.

८ मार्च, शनिवार

संध्याकाळी आठल्ये सर घरी आले. दारातच उभे राहिले, टोपी हातात. म्हणाले, ‘‘तुझा परीक्षेचा नंबर आलाय, शाळेत का येत नाहीस? माझ्यावरचा राग परीक्षेवर काढू नकोस.’’

म्हटलं, सर, तुमच्यावर नाही. आबांचा गैरसमज झाला. माझं भाषण त्यांना खरं वाटलं, त्यावर त्यांनी पाहुण्यांना शब्द दिला.

सर माझ्याकडं बघतच राहिले. ‘‘गैरसमज? अगं, आमंत्रण मिळाल्यावर ते स्वतः मला भेटायला आले होते. मी सगळं समजावलं. बाजू चिठ्ठीने ठरते, ते काही तिचं स्वतःचं मत नाही. हसले ते. म्हणाले, कळलं मास्तर, आमच्या बाजारात असंच असतं. दलाल तोंडानं एक भाव ओरडतो आणि रुमालाखाली बोटं दाबून दुसराच ठरवतो. मग म्हणाले, माझे पाहुणे शिकलेल्या मुलीला बिचकतात, त्यांना मुद्दाम घेऊन येतो. चिठ्ठीचं तेवढं त्यांच्यापुढं बोलू नका.’’

आत चुलीपाशी आत्याने पातेलं आपटलं. तिलाही ठाऊक नव्हतं.

मी सरांना एवढंच विचारलं, सोमवारचा पेपर किती वाजता आहे?